बोलोन्याची मेणाची माणसे

पवित्र सभा आणि विज्ञान यांच्या संबंधांविषयी जे समज आपल्याकडे रूढ आहेत, त्यांतील एक असा, की मध्ययुगात पोपमहोदयांनी शवविच्छेदनास बंदी घातली आणि त्यामुळे मानवी देहाचे ज्ञान कित्येक शतके खोळंबले. महाविद्यालयात शिकणारी आपली मुले हा समज घरी घेऊन येतात आणि वडीलधाऱ्यांजवळ त्याचे उत्तर नसते. इतिहास जरा निराळे सांगतो. तो सांगण्याचा हेतू केवळ पवित्र सभेची बाजू मांडणे एवढाच नाही. तरुणांना देहाविषयी कसे शिकवावे, या आजच्या प्रश्नावर त्या इतिहासातून काही प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

इ. स. १२९९ मध्ये पोप बोनिफस आठवे यांनी जो आदेश काढला, तो एका भलत्याच प्रथेविरुद्ध होता. दूरदेशी मरण पावलेल्या धर्मयोद्ध्यांचे व सरदारांचे देह तोडून, पाण्यात उकळून, केवळ अस्थी मायदेशी पाठविण्याची रीत त्या काळी पडली होती. ती त्यांनी निषिद्ध ठरविली. विद्याभ्यासासाठी होणाऱ्या विच्छेदनाविषयी त्यात काही म्हटलेले नव्हते. त्यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, १३१६ साली, पोपमहोदयांशी निष्ठेने बांधलेल्या इटलीतील बोलोन्या या नगरीत मोंदीनो नावाच्या प्राध्यापकाने स्वतः केलेल्या विच्छेदनांवर आधारलेला ग्रंथ लिहिला आणि तो पुढे सुमारे दोन शतके विद्यापीठांतून शिकविला गेला. आदेशाचा विपरीत अर्थ लावून बिचकणारे लोक होते, हे खरे. परंतु बंदी नव्हती.

खरी अडचण वेगळीच होती. मृतदेह टिकत नसे. म्हणून बोलोन्यात सार्वजनिक विच्छेदन थंडीच्या दिवसांत, उपवासकाळापूर्वीच्या कार्निव्हलच्या सुमारास होई. १६३७ साली विद्यापीठाच्या इमारतीत त्यासाठी लाकडी बैठकांची एक देखणी शाळा बांधली गेली. पण गर्दीत मागे बसलेल्या विद्यार्थ्याला दिसणार ते काय? वेसालियसने १५४३ साली आपला थोर ग्रंथ उत्तम चित्रांसह प्रसिद्ध केला, तेव्हा कलावंताच्या हाताखेरीज वैद्याचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट सिद्ध झाली. तरीही कागदावरचे चित्र सपाटच राहते. स्नायू कोणत्या अस्थीला कोठून चिकटतो, नस कोणत्या वळणाने आत शिरते, हे सर्व बाजूंनी फिरून पाहण्याची सोय त्यात नसते.

ही सोय करून देण्यात पुढाकार घेतला तो एका धर्मगुरूने. प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी हे बोलोन्याचेच सुपुत्र. १७३१ साली ते त्या नगरीचे आर्चबिशप झाले आणि १७४० साली पोप बेनेडिक्ट चौदावे म्हणून निवडले गेले. त्यापूर्वी संतपदाच्या दाव्यांची छाननी करण्याचे काम त्यांनी रोमनगरीत अनेक वर्षे केले होते. एखादा रोगी चमत्काराने बरा झाला की निसर्गक्रमानेच, हे ठरविताना वैद्यांच्या साक्षी तपासाव्या लागत. देहाचे ज्ञान नसेल तर चमत्काराची पारखही करता येत नाही, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आर्चबिशप असताना १७३७ साली त्यांनी एक सूचनापत्र काढून बोनिफस यांच्या आदेशाचा यथार्थ अर्थ उलगडून दाखविला आणि विद्यालयांतील विच्छेदनास पाठिंबा दिला. लाउरा बास्सी या विदुषीला १७३२ साली बोलोन्यात पदवी मिळाली व पुढे ती पदार्थविज्ञान शिकवू लागली, तीही त्यांच्याच आश्रयाने.

१७४२ साली पोप बेनेडिक्ट यांनी एर्कोले लेल्ली या शिल्पकाराकडे बोलोन्याच्या विज्ञानसंस्थेसाठी पूर्णाकृती मेणाच्या आठ मूर्ती घडविण्याचे काम सोपविले. खऱ्या अस्थिपंजरावर मेणाचे थर चढवून लेल्लीने त्या सिद्ध केल्या. पहिल्या दोन मूर्ती आदाम आणि एवा यांच्या, सर्वांगपूर्ण आणि सुंदर. पुढील चार मूर्तींमध्ये त्वचा दूर झालेली असून स्नायूंचे थर क्रमाक्रमाने उतरत जातात. शेवटचे दोन केवळ सांगाडे, एक पुरुषाचा व एक स्त्रीचा. दालनात शिरणारा विद्यार्थी निर्मितीपासून निघून मृत्यूपर्यंत पोहोचे. त्याला स्नायूंची नावे तर समजतच, शिवाय आपण मातीतून घडलो व मातीस मिळणार, हे राखेच्या बुधवारचे सत्यही तो डोळ्यांनी पाही.

मेण का, असा प्रश्न वाचकांस पडेल. आपल्या समाजाला त्याचे उत्तर परके वाटू नये. दर सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळे मांडलेली आपण पाहतो. ज्याचा जो अवयव दुखतो, त्याची मेणाची प्रतिमा तो माउलीच्या चरणी वाहतो. ही प्रथा युरोपातून आली. फ्लॉरेन्सच्या मरियामंदिरात तर नवसाच्या पूर्णाकृती मेणमूर्तींची एके काळी गर्दी झाली होती. मेण त्वचेसारखे दिसते, हवा तो रंग घेते आणि बारीकसारीक रेषाही धरून ठेवते. नवसाच्या मूर्ती घडवून पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले हे कसबच शास्त्राच्या कामी आले. वेदनेतून आराम मागणाऱ्या भाविकाचे मेण वेदनेचे कारण शोधणाऱ्या वैद्याच्या मेजावर गेले.

लेल्लीचा मदतनीस जोव्हान्नी मान्झोलिनी याचे त्याच्याशी बिनसले आणि त्याने घरीच स्वतंत्र कार्यशाळा थाटली. त्याची पत्नी आन्ना मोरांदी (१७१४–१७७४) हिने चित्रकला व शिल्पकला यांचे शिक्षण घेतले होते. पतीच्या बरोबरीने ती विच्छेदन शिकली. घरात आणलेल्या मृतदेहांची दुर्गंधी सोसून, संसार आणि मुलेबाळे सांभाळून तिने हा अभ्यास केला. पती आजारी पडू लागला तसे विद्यार्थ्यांना शिकविण्याचे कामही तिनेच उचलले. १७५५ साली तो वारला. पोप बेनेडिक्ट यांनी तिच्या बाजूने आपले वजन खर्च केले आणि नगरसभेने तिला वार्षिक मानधन देऊन अध्यापन चालू ठेवण्यास सांगितले. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बहुधा बंद असण्याचा तो काळ. त्या काळात ही विधवा स्वतःच्या घरात तरुण वैद्यांना देहाची रचना समजावून देत होती. परदेशांतून तिला बोलावणी आली, पण तिने बोलोन्या सोडली नाही.

आन्नाचे विशेष काम ज्ञानेंद्रियांवरचे. डोळा, कान, नाक यांचे भाग तिने एकेक सुटे करून दाखविले. स्पर्श कसा दाखवायचा? तिने हातांच्या जोड्या घडविल्या. एका जोडीतील हात मऊ गोष्टीवर विसावले आहेत. दुसऱ्या जोडीतील हात काट्याच्या स्पर्शाने आक्रसले आहेत. नुसते शास्त्र जाणणाऱ्याने मज्जातंतू दाखविले असते आणि नुसत्या कलावंताने वेदना. या हातांत दोन्ही एकत्र आहेत. आपल्या पतीचा मेणाचा अर्धपुतळा तिने केला, त्यात त्याचा हात एका हृदयावर आहे. स्वतःचा पुतळा केला, त्यात उंची वस्त्रे व दागिने ल्यालेली आन्ना हाती शस्त्र घेऊन मानवी मेंदू उघडीत आहे. बुद्धी पुरुषाची आणि हृदय स्त्रीचे, ही जुनी वाटणी तिने शब्दही न बोलता बाजूला सारली.

याच नगरीत जोव्हान्नी आंतोनियो गाल्ली या शल्यवैद्याने सुईणींसाठी घरीच शाळा काढली होती. त्या काळच्या बहुतेक सुईणींना लिहिता-वाचता येत नसे. ग्रंथ त्यांच्या काय उपयोगाचा? गाल्लीने माती व मेण यांच्या शंभरावर प्रतिकृती करवून घेतल्या. गर्भाशय कसकसा वाढतो, मूल आडवे आले तर कसे असते, पायाळू असेल तर कसे, हे त्या बायका डोळ्यांनी पाहत आणि बोटांनी चाचपून शिकत. त्याच्याजवळ एक यंत्रवजा प्रतिकृती होती, तिच्यातील गर्भाशय काचेचा होता. शिकणारीच्या डोळ्यांवर पट्टी बांधली जाई, तिने केवळ स्पर्शाने मूल सोडवायचे, आणि तिचा हात बरोबर चालला की नाही हे गुरू काचेतून पाही. १७५७ साली पोप बेनेडिक्ट यांनी हा सारा संग्रह विकत घेऊन विज्ञानसंस्थेस दिला. यामागे पाळकाची दृष्टीही होती. अडलेल्या प्रसूतीत मरू घातलेल्या बालकाला स्नानसंस्कार देण्याची वेळ सुईणीवरच येई. म्हणून सुईणीला तो विधी येतो की नाही हे पाहणे धर्मगुरूंचे कर्तव्यच असे. आईचा जीव वाचावा आणि बाळाचा आत्माही, या दोन चिंता तेव्हा वेगळ्या मानल्या जात नव्हत्या.

पुढच्या वर्षी, १७५८ साली, पोप बेनेडिक्ट निवर्तले. परंतु लावलेले रोप वाढत राहिले. आन्नाच्या मृत्यूनंतर १७७६ साली तिचा संग्रह नगरसभेने घेतला, आणि विजेच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालेले लुईजी गाल्व्हानी त्याच प्रतिकृतींच्या आधारे शरीररचना शिकवीत. १७७५ साली फ्लॉरेन्सला मेणप्रतिकृतींचे मोठे संग्रहालय उघडले आणि सामान्य जनतेसही तेथे प्रवेश मिळाला. ऑस्ट्रियाच्या सम्राटाने व्हिएन्नाच्या शल्यवैद्यांसाठी तेथून हजारावर प्रतिकृती करवून नेल्या. बोलोन्याची जुनी विच्छेदनशाळा १९४४ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाली, ती लोकांनी ढिगाऱ्यातील लाकडे वेचून पुन्हा उभी केली. लेल्ली, आन्ना आणि गाल्ली यांच्या कृती त्या नगरीतील पालाझ्झो पोज्जी या विद्यापीठीय संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात.

या इतिहासाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. सुरीखाली आलेले देह बहुधा फासावर गेलेल्यांचे आणि रुग्णालयात बेवारस मेलेल्या गरिबांचे होते. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. आज स्वेच्छेने देहदान करणारे लोक आहेत, ही मोठीच प्रगती होय. परंतु एवढे म्हणता येते, की आन्नासारख्या कलावंतांनी त्या अनामिक देहांना निदान कुरूप किंवा हास्यास्पद केले नाही. ज्याला नाव राहिले नाही, त्याच्या हाताला त्यांनी रूप दिले.

आता आपल्याकडे वळू. देहाविषयी शिकविण्यासाठी प्रतिकृती वापरण्याची कल्पना आपल्या भूमीलाही नवी नाही. सुश्रुतसंहितेत शिष्याने छेदनक्रियेचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर आणि पट्ट्या बांधण्याचा सराव कापडी पुतळ्यावर करावा, असे सांगितले आहे. तरीही आपल्या घरांत देहाचा विषय निघाला की आवाज खाली येतो. मुलगी वयात येते तेव्हा काय घडत आहे हे तिला बहुधा मैत्रिणीकडून, तेही अर्धवट कळते; मुलाला तर तेवढेही कोणी सांगत नाही. पोकळी मात्र रिकामी राहत नाही. हातातला मोबाइल ती भरतो, आणि तो जो देह दाखवितो, त्याला ना शास्त्र ना सौंदर्य. तो केवळ विक्रीचा माल असतो.

मौनाचा याहून भयंकर परिणाम आहे. ज्या मुलाला आपल्या अवयवांची नावे सभ्य शब्दांत ठाऊक नाहीत, त्याच्या देहाला कोणी वाईट हेतूने हात लावला, तर ते सांगणार कोणत्या शब्दांत? अनेक देशांत पवित्र सभेच्या छत्राखालीही बालकांवर अत्याचार झाले आणि मौनाने अपराध्यांनाच आसरा दिला, हे सत्य आज लपलेले नाही. मौन म्हणजे पावित्र्य नव्हे, हा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे.

पवित्र सभेची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मुलामुलींना वयानुरूप, सुज्ञ लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात बुधवारच्या सभांतून देहाच्या ईश्वरविद्येवर प्रवचनमाला गुंफली. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रात हाच विषय निःसंकोचपणे हाताळला. या साऱ्यांच्या मुळाशी संत पौलाने करिंथकरांना करून दिलेली आठवण आहे, की आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. ज्या धर्माचा देव स्वतः देहधारी झाला, त्या धर्माच्या लेकरांनी देहाचे नाव घेताना मान खाली का घालावी?

शिकवायचे कसे, याचे उत्तर बोलोन्याने देऊन ठेवले आहे: शास्त्र जाणणारा आणि कलेचा हात असलेला, अशा दोघांनी एकत्र बसावे. आपल्या धर्मग्रामांतून डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, चित्रकलेचे शिक्षक आहेत, नाताळात गोठ्याच्या मूर्ती घडविणारे हात आहेत. दृढीकरण संस्काराच्या तयारीच्या वर्गात वर्षातून चार रविवार यांनी मुलांसमोर यावे. मुलांनी मातीचे हृदय घडवावे, हाताचे स्नायू रंगवावेत, गर्भातील बालकाची महिन्यामहिन्यांची आकृती स्वतःच्या बोटांनी करावी. मुली आणि मुले यांच्या काही शंका वेगळ्या बसून ऐकाव्यात, आईवडिलांना आधी विश्वासात घ्यावे. शास्त्र एकटे आले तर विषय कोरडा होतो आणि मुले तोंड दाबून हसतात. उपदेश एकटा आला तर ती ऐकतच नाहीत. परंतु ज्या मुलाने मातीचे हृदय स्वतः घडविले, त्याला त्याची चेष्टा करावीशी वाटत नाही.

पोप बेनेडिक्ट यांना देह उघडून दाखविण्याचे भय वाटले नाही, कारण तो कोणी घडविला याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता. आपल्या मुलांसमोर हा विषय मांडताना आपल्यालाही तेवढाच विश्वास पुरेसा आहे.