एकतिसावा डाव

बुद्धिबळात जिंकलेले डाव लोकांच्या लक्षात राहतात, बरोबरीचे डाव सहसा विसरले जातात. याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो नेमका आपल्या दहावीच्या वर्षातला.

१० सप्टेंबर १९८४ रोजी मॉस्कोत अनातोली कार्पोव्ह आणि गॅरी कास्पारोव्ह यांची विश्वविजेतेपदाची लढत सुरू झाली. कार्पोव्ह ३३ वर्षांचा, १९७५ पासूनचा विश्वविजेता. आव्हानवीर कास्पारोव्ह २१ वर्षांचा. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता. बरोबरी हिशेबात नाही आणि डावांच्या संख्येलाही मर्यादा नाही, असा नियम होता.

पहिल्या नऊ डावांतच कार्पोव्हने चार जिंकले. मग कास्पारोव्हने आक्रमणाची घाई सोडली आणि न हरण्यावर भर दिला. पुढचे सलग १७ डाव बरोबरीत सुटले. सत्ताविसावा डाव मात्र कार्पोव्हने घेतला. आता ५-० अशी आघाडी होती आणि हवा होता फक्त एक विजय.

डिसेंबरमध्ये एकतिसाव्या डावात तो अगदी हाताशी आला. पांढरी मोहरी कार्पोव्हकडे, वर एक प्यादे जास्त. पण शेवटचा घाव बसला नाही. कास्पारोव्ह तगला, डाव बरोबरीत सुटला. लगेच बत्तिसाव्या डावात त्याने या लढतीतला आपला पहिला विजय मिळवला. मग आणखी १४ बरोबऱ्या झाल्या आणि सत्तेचाळिसावा व अठ्ठेचाळिसावा हे दोन्ही डाव त्यानेच जिंकले.

१५ फेब्रुवारी १९८५ रोजी जागतिक संघटनेचे अध्यक्ष फ्लोरेन्सियो कॅम्पोमानेस यांनी खेळाडू थकल्याचे कारण देऊन लढत निकालाविना थांबवली. ४८ पैकी ४० डाव बरोबरीत सुटले होते. सप्टेंबरमध्ये २४ डावांची नवी लढत सुरू झाली आणि ९ नोव्हेंबरला कास्पारोव्ह १३-११ असा जिंकून विश्वविजेता झाला.

त्या ४० डावांना कंटाळवाणे म्हणणारे पुष्कळ होते. पण जगातल्या सर्वांत चिवट खेळाडूसमोर तासन् तास बसून कास्पारोव्ह त्याचा खेळ शिकत होता. मित्रमैत्रिणींनो, मार्चच्या परीक्षेत आपल्याला पास आणि नापास हे दोनच निकाल ठाऊक होते. गेल्या चाळीस वर्षांत आपल्यातल्या अनेकांनी नुसते तग धरून काढलेले दिवसही पाहिले. त्या दिवसांचीही नोंद या स्मरणिकेत असावी, म्हणून हा लेख.