निद्रेतील श्वासरोध : एका विकाराच्या शोधाचा पूर्वेतिहास

घोरणे हे गाढ व सुखाच्या झोपेचे लक्षण होय, हा समज आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या इतका दृढमूल झालेला आहे की, घोरणाऱ्या गृहस्थाचा श्वास मध्येच अडला, काही क्षण भयाण शांतता पसरली आणि मग एका मोठ्या घुरघुराटासरशी तो पुन्हा चालू झाला, तरी त्याची धास्ती घेत असे ती केवळ शेजारी जागी असलेली त्याची पत्नी. तिची ही कैफियत वैद्यापर्यंत क्वचितच पोहोचली. युरोपातील स्थितीही याहून निराळी नव्हती. वैद्य रोग्याला तपासतो दिवसा आणि हा विकार प्रकट होतो रात्री. या एका कारणामुळे इतकी उघड, इतकी कर्णकर्कश व्याधी वैद्यकशास्त्राच्या दप्तरी रुजू व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

तिचे वर्णन कोणीच केले नव्हते, असे मात्र नाही. १८७७ साली लंडनचे डॉक्टर विल्यम ब्रॉडबेंट यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिताना, उताणा झोपून घोरणाऱ्या वृद्धाची छाती हलत असूनही घशातील अडथळ्यामुळे दोनतीन श्वासांपुरती हवा आत शिरत नाही व नंतर मोठा आवाज होऊन ती शिरते, असे अगदी नेमके निरीक्षण नमूद केले आहे. आज ते वाचताना मन थक्क होते. परंतु ब्रॉडबेंट यांचा मूळ विषय मेंदूतील रक्तस्राव हा असल्यामुळे ही नोंद प्रासंगिकच राहिली आणि तिचा पाठपुरावा झाला नाही.

पुढे १९५६ साली बॉस्टनच्या सिडनी बर्वेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने या विकाराला नाव दिले आणि त्याच वेळी संशोधकांची दृष्टी भलत्याच दिशेला वळवली. त्यांचा रोगी एक्कावन्न वर्षांचा, अतिस्थूल असा व्यापारी होता. पत्त्यांच्या डावात तीन एक्के आणि दोन राजे हाती आले असताना, म्हणजे जिंकण्याची उत्तम संधी चालून आली असताना, या गृहस्थाला बसल्या जागी झोप लागली. तेव्हा कोठे त्याला आपल्या प्रकृतीची शंका आली आणि तो रुग्णालयात दाखल झाला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६–३७ च्या कादंबरीतील सदा पेंगणाऱ्या लठ्ठ पोराची आठवण होऊन बर्वेल यांनी या लक्षणसमूहाला ‘पिकविकी’ असे नाव दिले. स्थूलतेमुळे श्वसन उथळ होते, रक्तात कर्बवायू साचतो आणि त्या वायूच्या गुंगीने रोगी पेंगतो, अशी त्यांची उपपत्ती होती. उपपत्ती तर्कशुद्ध, परीक्षणे काटेकोर. परंतु त्या रोग्याचा श्वास रात्री झोपेत कसा चालतो, हे कोणी मोजून पाहिले नाही. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंग हाच होय.

मोजून पाहिले ते १९६५ साली. फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो, तासिनारी व ड्युरों यांनी, आणि त्यांच्याशी संबंध नसताना जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो यांनी, अशा रोग्यांच्या मेंदूच्या विद्युत्‌लहरी आणि श्वसन यांचे आलेख रात्रभर काढले. तेव्हा श्वास वारंवार थांबतो, दर खेपेस मेंदू क्षणभर जागा होतो, तेव्हा कोठे श्वास सुटतो आणि रोग्याला सकाळी यातले काहीच आठवत नाही, हे उघडकीस आले. दिवसाची पेंग ही कर्बवायूची गुंगी नव्हती, तर शेकडो वेळा मोडलेल्या झोपेची थकबाकी होती. इटलीत बोलोन्याच्या लुगारेसी यांच्या मंडळीने, श्वास अडला की रक्तदाब चढतो, हे दाखवून दिले. नंतर अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे क्रिस्तियाँ गिलमिनो यांनी डिमेंट यांच्यासह १९७६ साली या विकाराची व्याख्या बांधली : विराम किमान दहा सेकंदांचा, आणि सात तासांच्या झोपेत असे विराम किमान तीस.

निदान झाले, पण उपाय एकच होता व तो क्रूर होता. मानेपाशी श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवायची, दिवसा बुचाने बंद ठेवायची आणि रात्री उघडायची. गुण हमखास येई; तरीही जन्मभर गळ्यात छिद्र वागवायला किती जण राजी होणार?

असाच एक नाराज रोगी १९८० च्या जून महिन्यात ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आला. सलिव्हन यांनी टोरंटोत कुत्र्यांच्या झोपेतील श्वसनाचा अभ्यास केलेला होता. घशाच्या वरच्या भागाला हाडाचा आधार नाही. झोपेत स्नायू सैलावले की, पातळ रबरी नळीतून हवा जोराने ओढताच तिच्या भिंती एकमेकींना चिकटाव्यात, तसा तो मिटतो. तेव्हा नाकावाटे मंद दाबाने हवा सतत आत सोडली, तर तो उघडा राहील, अशी त्यांची कल्पना होती. धूळ ओढणाऱ्या यंत्राचा पंखा उलट जोडून त्यांनी हवा फुंकण्याची तजवीज केली. नाकाचा साचा घेऊन मुखवटा बनवला आणि हवा बाजूने निसटू नये म्हणून तो सिलिकोनने चेहऱ्याला चिकटवला. दाब वाढवताच घोरणे थांबले. कमी करताच श्वास पुन्हा अडू लागला. कळ फिरवावी आणि रोग जावा किंवा यावा, असा तो देखावा होता. रोगी रात्रभर गाढ झोपला आणि सकाळी ताजातवाना उठला. १९८१ साली पाच रोग्यांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्यात वापरलेला दाब पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीएवढाच होता.

हा विकार विरळ नाही, हे कळायला आणखी एक तप गेले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मध्यम वयाच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी ९ टक्के यांच्यात, तासाला निदान पाच वेळा श्वास अडतो वा मंदावतो, असे आढळले. आपल्या मुंबईत हिंदुजा रुग्णालयाचे डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली हे प्रमाण साडेएकोणीस टक्के दाखवले. दिवसाच्या पेंगेसह संपूर्ण विकार साडेसात टक्क्यांत होता. मुंबईचा चाकरमान्या लोकलच्या डब्यात डुलक्या घेतो, त्या सगळ्याच दगदगीपायी असतात असे मानणे यापुढे योग्य ठरणार नाही.

सलिव्हन यांच्या हवा फुंकणाऱ्या यंत्राने पेंग जाते याविषयी आता दुमत नाही. हृदय वाचते की नाही याविषयी आहे. हृदयविकार वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच जडलेल्या २७१७ रोग्यांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली बाहेर आले. त्यात यंत्र वापरणाऱ्यांना झटके कमी आले नाहीत. परंतु त्या रोग्यांनी मुखवटा रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता, आणि उरलेल्या रात्री त्यांचा घसा पूर्वीसारखाच मिटत असणार. एवढ्या अपुऱ्या वापरावरून उपचारच निष्फळ ठरवणे मला न्याय्य वाटत नाही. रात्रभर सोसवेल असा मुखवटा घडवून तोच प्रयोग पुन्हा करणे, हे काम शिल्लक आहे.