त्रिंबकजी डेंगळे : पंढरपूरचा खून आणि न झालेला खटला

उत्तर पेशवाईच्या इतिहासलेखनात त्रिंबकजी डेंगळे हे नाव बहुधा गंगाधरशास्त्री पटवर्धनाचा मारेकरी म्हणून येते आणि ठाण्याच्या कैदेतून निसटल्याच्या रंजक कथेनंतर विरून जाते. ज्या गुन्ह्याची कोणत्याही न्यायासनासमोर रीतसर सुनावणी झाली नाही, तो एका तहाचे कलम कसा बनला, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

राहात्याच्या शेजारील संगमनेर तालुक्यातले, लोणीजवळचे निमगाव जाळी हे त्रिंबकजीचे गाव. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकराने विजय मिळविला आणि दुसरा बाजीराव कोकणात महाडकडे निघून गेला. त्या धामधुमीत पुण्यास पत्र पोचवून तातडीने उत्तर आणणारा जासूद म्हणून त्रिंबकजी पेशव्याच्या नजरेत भरला. पुढे तो कारभारी झाला. त्याचा कारभार निष्कलंक होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. इजाऱ्याच्या पद्धतीत रयत भरडली गेली आणि त्या पद्धतीचा तो प्रमुख आधार होता.

अहमदाबादचा इजारा हे वादाचे मूळ. गायकवाडांकडील त्याची मुदत १८१४ मध्ये संपली आणि पेशव्याने तो त्रिंबकजीस दिला. इजारा व थकबाकी यांच्या वाटाघाटीसाठी इंग्रजांनी सुरक्षिततेची हमी देऊन पाठविलेला बडोद्याचा वकील म्हणजे गंगाधरशास्त्री. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात विठ्ठलमंदिरातून बिऱ्हाडी परतताना त्याचा खून झाला. रेसिडेंट एल्फिन्स्टनने माहिती जमवून त्रिंबकजीवर ठपका ठेवला. शास्त्र्याचे शत्रू मात्र बडोद्यातही होते. पदच्युत दिवाण सीताराम रावजी याचा पक्ष त्याच्या विरोधात होता आणि त्या बाजूच्या पुण्यातील हस्तकांवरही संशय घेतला गेला. म्हणून त्रिंबकजी निर्दोष ठरत नाही; पण पुराव्याची उलटतपासणी झाली नाही, आरोपीस बचावाची संधी मिळाली नाही, हे निर्विवाद आहे. हमी कंपनीची होती, तेव्हा फिर्यादीही कंपनीच आणि निवाडा करणारीही तीच.

सप्टेंबर १८१५ मध्ये बाजीरावाने नाइलाजाने त्याला इंग्रजांच्या स्वाधीन केले. ठाण्याच्या किल्ल्यात पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवला होता, कारण एतद्देशीयांवर विश्वास नव्हता. ग्रँट डफच्या वृत्तांतानुसार एका अधिकाऱ्याचा मराठा मोतद्दार घोडा फिरविताना खिडकीखालून गाण्यात निरोप सांगत असे आणि पहारेकऱ्यांना त्याचा अर्थ लागत नसे. सप्टेंबर १८१६ मध्ये कैदी निसटला. महादेवाच्या डोंगरांत, तसेच नाशिक-संगमनेरच्या डोंगराळ भागात त्याने रामोशी, मांग व भिल्ल यांची माणसे जमविली. या जमावास बंडखोर टोळ्या म्हणण्याचा प्रघात इंग्रजी कागदपत्रांचा आहे. तो मराठी लेखनाने जसाच्या तसा उचलला, हे खटकते.

त्याच्या सुटकेचा फायदा एल्फिन्स्टनने पुरेपूर घेतला. मे १८१७ मध्ये सिंहगड, पुरंदर व रायगड तारण म्हणून मागण्यात आले. १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावास त्रिंबकजीचा अपराध मान्य करावा लागला, त्याला पकडून देण्याचे वचन द्यावे लागले आणि मराठा मंडळावरील पेशव्याचे प्रमुखत्वही सोडावे लागले. एका व्यक्तीवरील आरोप आणि मराठा सत्तेचे विसर्जन एकाच दस्तऐवजात बांधले गेले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला युद्धास तोंड फुटल्यावर हाच ‘फरारी’ पुन्हा पेशव्याच्या फौजेत दिसतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावी कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीवरील हल्ल्याचे संचालन करणाऱ्यांत बापू गोखल्याबरोबर तोही होता. बापू गोखले फेब्रुवारीत आष्टीला पडला. जूनमध्ये बाजीराव माल्कमला शरण गेला आणि त्याला सालीना आठ लाखांची नेमणूक मिळाली. त्रिंबकजीला मात्र माफी नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस नाशिकच्या बाजूस अहिरगाव येथे कॅप्टन स्वॉन्स्टनने त्याला पकडले. त्याची रवानगी काशीजवळच्या चुनारगडावर झाली. १८२४ मध्ये बिशप हेबर तेथे गेला तेव्हाही तो कडक पहाऱ्यात होता. १८२९ मध्ये तेथेच त्याचा मृत्यू झाला. तोपर्यंत त्याच्यावर खटला चालविला गेला नव्हता.