आमची फियाट आणि सकाळची टिकटिक

परवा नातवाने विचारलं, "आजोबा, जुन्या गाड्या एवढा आवाज का करायच्या?" त्यावरून हे आठवलं. जुन्या इंदूरकरांना आवडेल म्हणून लिहितोय.

आपलं इंदूर मोटारींचं शौकीन. यशवंतराव होळकर महाराजांची 1935 सालची ड्यूसेनबर्ग जगप्रसिद्ध आहे. तिचे चकचकीत एक्झॉस्ट पाइप बॉनेटच्या बाहेरच काढलेत. आम्हा नोकरदारांच्या नशिबी फियाट! सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, मग कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या बनू लागल्या. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, तीच पुढे 1974 पासून पद्मिनी. कागदावर पद्मिनी, तोंडात फियाटच. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून 1984 मध्ये मी 1976 चं मॉडेल सेकंडहँड घेतलं.

1988 च्या संक्रांतीनंतर आम्ही ओंकारेश्वरला निघालो. थंडी म्हणून काचा बंद. सिमरोल सोडून भेरूघाट लागला तसा बॉनेटखालून टिक-टिक-टिक आवाज वाढला. मागे आई आणि आठ वर्षांची मुलगी. मुलीला उलटी झाली, आईचं डोकं ठणकायला लागलं. आम्ही म्हणालो, गाडी लागली. लिंबू हुंगायला दिलं, झालं.

परत आल्यावर गॅरेजला नेली. "टॅपेट है साब," म्हणून टॅपेट सेट करून दिले, पैसे घेतले. पुन्हा नेली तर म्हणाले, आवाजच नाही! खरंच नव्हता. पण घरी रोज सकाळी हजर.

शेवटी छावणीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांना गाठलं. ते म्हणाले, "गाड़ी रात को यहीं छोड़ दो. ठंडी स्टार्ट करूँगा." सकाळी गेलो तर हातात रबरी नळीचा तुकडा, एक टोक कानाला. इंजिन चालू केलं, मला म्हणाले, मागच्या पाइपाच्या तोंडावर जाड फडकं दाबून धरा. वाफ कोंडली की गळती जिथे असेल तिथे फुसफुसते. नळी फिरवत फिरवत मॅनिफोल्डपाशी थांबले. तिथे काजळीचा काळा पट्टा होता. गास्केट जळलेलं! इंजिन तापलं की लोखंड फुगून फट मिटते, म्हणून टिकटिक गायब. मी दोन्ही वेळा गाडी तापवूनच गॅरेजला नेत होतो. घाटात जोर लागला की फट पुन्हा उघडते. टॅपेटचा आवाज असा लपाछपी खेळत नाही.

सायलेन्सरही आतून सडलेला निघाला. बँक ते घर तीन किलोमीटर, गाडी नीट तापायचीच नाही. आत पाणी साचून पत्रा गंजतो. पण तो खर्च किरकोळ. उस्तादांनी डॅशमागचा पत्रा दाखवला. वायरींच्या भोकाचं रबर गळून गेलं होतं. मग विचारलं, "खिड़की बंद थी क्या? किसी का सर दुखा था?"

माझ्या पोटात गोळा आला. एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि रक्तात ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो.

मी कॉमर्सचा माणूस, घरखर्चाची डायरी लिहितो. रात्री ती काढून बसलो. 1987 च्या डिसेंबरात खंडवा: परत आल्यावर डॉक्टर, डोकेदुखीच्या गोळ्या. जानेवारीत ओंकारेश्वर: पुन्हा गोळ्या. त्याआधी मे महिन्यात महेश्वर, सगळ्या काचा उघड्या: औषधाचा खर्च शून्य. आईला हे काही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, ती बराच वेळ बोलली नाही.

गास्केट, सायलेन्सर, रबर सगळं बदललं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा ओंकारेश्वरला गेलो. उस्तादांनी हमी दिली होती, तरी भेरूघाटात मी काचा उघड्याच ठेवल्या. आई शाल घट्ट ओढून म्हणाली, "काय रे, थंडी वाजतेय की!" मुलगी मागे बसून सबंध घाट गाणी म्हणत होती.