माध्यमिक शाळेतील शाखानिवड

१८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा सुचविल्या : एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार-व्यवहाराकडे. दुसरी बहुतांशी ओसच राहिली. सरकारी नोकरीचे दार पहिलीच्या टोकाशी होते. तेव्हा पालकांस दोष देणे व्यर्थ होय. पुढे १९५३ च्या मुदलियार अहवालाने मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे सात गट मांडले. ‘बहुउद्देशीय’ हे विशेषण मात्र शाळेस लाभले, विद्यार्थ्यास नव्हे. त्याने तेराव्या-चौदाव्या वर्षीच एक गट पत्करावयाचा होता. विशेषीकरण दहावीपूर्वी नको, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस याच घाईविरुद्ध होती.