कवचापासून पापुद्र्यापर्यंत : एका जुन्या शोधाची रखडलेली वाट

कोलंबीच्या सालांपासून प्लॅस्टिकसारखी फिल्म बनवल्याची बातमी दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रांत येते, आणि दर वेळी ती नव्या शोधाची म्हणून येते. वस्तुतः अशा फिल्मचे पेटंट १९३६ सालचे आहे आणि तिच्या मुळाशी असलेल्या द्रव्याचा शोध त्याच्याही सव्वाशे वर्षे आधीचा. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली, तरी वाण्याच्या दुकानात ही फिल्म दिसत नाही. असे का, याचे उत्तर तिच्या इतिहासात मिळते.

१८११ साली फ्रान्समधील नान्सीच्या वनस्पती उद्यानाचे संचालक आंरी ब्राकोनो यांना अळिंबीत अल्कलीला दाद न देणारा एक पदार्थ आढळला. १८२३ मध्ये आंत्वान ओदिए यांना तसाच पदार्थ भुंगेऱ्याच्या पंखांवरील कवचात सापडला. अंगरख्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला ‘कायटिन’ हे नाव दिले. हा अंगरखा सहजासहजी कशात विरघळत नसे. १८५९ साली शार्ल रुजे यांनी तो तीव्र अल्कलीत उकळला, तेव्हा मिळालेला पदार्थ मात्र सौम्य आम्लात विरघळू लागला. १८९४ मध्ये फेलिक्स होप्पे-झायलर यांनी त्याला ‘कायटोसान’ म्हटले. जे विरघळते ते सपाट पृष्ठावर ओतून वाळवता येते. फिल्मची शक्यता इथेच निर्माण झाली होती.

हे द्रव्य निसर्गात पचते, याचाही पुरावा जुना आहे. पुढे एलएसडीमुळे प्रसिद्ध झालेले आल्बर्ट होफमान यांनी झुरिचमध्ये १९२९ साली मिळवलेली डॉक्टरेट कायटिनवरच होती. गोगलगाईच्या पाचकरसाने त्यांनी कायटिनचे विघटन केले आणि त्यावरून त्याची रचना उलगडली.

अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या जॉर्ज रिग्बी यांनी कायटोसानपासून फिल्म आणि धागे काढण्याची पेटंटे घेतली ती १९३० च्या दशकात. त्याच कंपनीत तेव्हा लाकडाच्या लगद्यापासून सेलोफेन निघत होते आणि नायलॉनचा जन्म होत होता. लाकूड एका जागी, वर्षभर, ढिगाने मिळते. कोलंबीची साले काही तासांत सडू लागतात आणि हंगामाप्रमाणे कमी-जास्त होतात. पुढे पॉलिथिन आले. ते पाण्याला जुमानत नव्हते आणि स्वस्तही झाले. कायटोसानची फिल्म मागे पडली ती कच्चा माल गोळा करण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या खर्चामुळे.

आपल्याकडे हा विषय आला तो निर्यातीच्या मागून. १९५० च्या दशकात कोचीहून गोठवलेली कोलंबी अमेरिकेला जाऊ लागली, आणि डोकी-साले मात्र इथेच राहू लागली. कोलंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग हाच असतो. १९५७ साली कोचीत स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने १९७० च्या दशकात या टाकाऊ मालातून कायटिन आणि कायटोसान काढण्याची पद्धत बसवली. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढायचा, मग सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढायची. शेवटी ४० ते ५० टक्के तीव्रतेच्या तापलेल्या कॉस्टिक सोड्यात कायटिनचे कायटोसान करायचे. प्रत्येक टप्प्यानंतर भरपूर पाण्याने धुवायचे.

यातला दुसरा टप्पा विचार करण्यासारखा आहे. वाळलेल्या सालांत आणि डोक्यांत प्रथिनांचे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शाइतके असते. ती सांडपाण्यात सोडली की खाडीतला प्राणवायू खातात. दुसरीकडे, नुसत्या कायटोसानची फिल्म ठिसूळ होते म्हणून संशोधक तीत मासळीच्या कातडीचे जिलेटिन किंवा मांसातली प्रथिने मिसळतात. आम्लात कायटोसानवर धनभार येतो, प्रथिनांतील ऋणभारित भाग त्याच्याकडे ओढले जातात आणि जाळे घट्ट विणले जाते. ही फिल्म प्राणवायूला चांगली अडवते, पण बाष्पाला नाही. लवचिकपणासाठी ग्लिसरीन घातले, तर बाष्प अधिकच शिरते.

म्हणजे कवचात जी जोडी निसर्गाने आधीच बांधलेली आहे ती आपण अल्कलीने तोडतो आणि पुन्हा कष्टाने जुळवू पाहतो. हार्वर्डच्या वीस संस्थेतील हावियेर फर्नांडेझ आणि डोनाल्ड इंगबर यांनी साधारण २०११ साली कीटकांच्या कवचाचे अनुकरण करत कायटोसान आणि रेशमातील फायब्रोइन हे प्रथिन थरांथरांत बसवून ‘श्रिल्क’ हा पदार्थ तयार केला. बळकटीचे रहस्य घटकांइतकेच त्यांच्या मांडणीत असते, हे त्यांनी दाखवून दिले.

जखमेवरच्या पट्टीत कायटोसान केव्हाच रुजले, कारण औषधाला ती किंमत परवडते. पिशवीला ती परवडत नाही. ही किंमत उतरवायची तर प्रथिने गटारात न जाता फिल्ममध्ये, निदान कोंबड्यांच्या खाद्यात तरी गेली पाहिजेत. कॉस्टिक सोड्याचा खप घटला पाहिजे. आणि साले सडण्याआधी गोळा झाली पाहिजेत. यातले शेवटचे काम यंत्राने सुरू होत नाही. ससून डॉकवर वा कोचीच्या शेडमध्ये बर्फाळ कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या हातून ते सुरू होते. त्यांना मजुरी मिळते ती सोललेल्या कोलंबीची. सालाला आजवर भाव नव्हता. तो ठरेल तेव्हा त्यातला वाटा या बायकांना मिळतो की नाही, यावर या फिल्मला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणावे की नाही, हे मला ठरवावेसे वाटते. नुसती मातीत विरघळणे ही त्या शब्दाची अर्धीच कसोटी आहे.