जीन रेडपाथ : सातासमुद्रापार शिकवलेली घरची गाणी

१/ लोकगीत जिवंत कुठे राहते? संग्रहातील ध्वनिफितीत, छापील पुस्तकात की माणसाच्या गळ्यात? स्कॉटिश गायिका जीन रेडपाथ (१९३७–२०१४) यांच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ जन्म एडिंबरोचा, बालपण फाइफ परगण्यातले. आई जुनी गाणी गाई. वडील डल्सिमर, म्हणजे आपल्या संतूरच्या जातीचे वाद्य, वाजवीत. शाळाशाळांतून मात्र त्या काळी प्रमाण इंग्रजीचाच आग्रह असे. घरची स्कॉट्स भाषा गावंढळ ठरे.

३/ एडिंबरो विद्यापीठात शिकताना कवी आणि लोकगीतसंग्राहक हॅमिश हेंडरसन यांचा परिचय झाला. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील ‘स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज’चे संग्राहक खेडोपाडी, भटक्या जमातींच्या पालांवर जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करीत. घरात सहज कानी पडलेली गाणी विद्वानांनीही जपावी अशी ठेव होती.

४/ १९६१ मध्ये जीन अमेरिकेला गेल्या. खिशात अवघे ११ डॉलर होते, असे सांगतात. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये तेव्हा लोकसंगीताला भरती आली होती. बॉब डिलन तिथेच नाव कमावू पाहत होते. जीन अनेकदा साथीविना गात. स्कॉट्स शब्द श्रोत्यांना परके असत, म्हणून त्या आधी गाण्याची कथा सांगत.

५/ या निवेदनातच शिक्षिका दडलेली होती. १९७२ ते १९७६ या काळात त्या कनेक्टिकटमधील वेस्लियन विद्यापीठात निवासी कलावंत होत्या. कर्नाटक संगीताचे शिक्षणही देणारे हे विद्यापीठ. तिथे स्कॉट्स गीत जगातील इतर परंपरांच्या पंक्तीला मानाने बसले.

६/ आता रॉबर्ट बर्न्स. या कवीने असंख्य रचना जुन्या लोकचालींवर बेतल्या. ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ (१७८७–१८०३) या गीतसंग्रहासाठी अपार कष्ट घेतले. पण पुढे त्याच्या काव्यसंग्रहांतून बहुधा शब्दच छापले गेले. चाली मागे पडल्या आणि गीतकार केवळ कवी म्हणून उरला.

७/ शब्द आणि चाल यांची पुन्हा गाठ घालण्याचे काम अमेरिकी संगीतकार सर्ज होव्ही यांनी हाती घेतले. त्यांच्या संगीतयोजनेवर जीन गायल्या. चेतासंस्थेच्या असाध्य विकाराने होव्हींचे शरीर हळूहळू निकामी होत होते. १९८९ मध्ये ते निवर्तले. याहून कितीतरी मोठ्या योजनेतील ७ ध्वनिमुद्रिका तेवढ्या पूर्ण झाल्या.

८/ परदेशातले हे शिक्षण मायदेशीही परतले. १९७९ पासून सुमारे दशकभर जीन यांनी स्टर्लिंग विद्यापीठात स्कॉटिश गीतपरंपरा शिकवली. २०११ मध्ये त्या निवासी कलावंत म्हणून एडिंबरो विद्यापीठात आल्या. जिथे विद्यार्थिनी म्हणून ऐकायला शिकल्या, तिथेच आता गुरुस्थानी होत्या.

९/ २१ ऑगस्ट २०१४ रोजी अ‍ॅरिझोनात त्यांचे निधन झाले. ध्वनिफीत एका दिवसाचे गाणे राखून ठेवते. ते दुसऱ्या दिवशी गायचे तर कुणीतरी शिकवावे लागते आणि कुणीतरी शिकावे लागते. जीन यांनी दोन्ही केले.

धागा समाप्त.